इमारत आधी की अभ्यासक्रम आधी? लॉस एंजेलिसच्या नऊ कॉलेजांकडून शिकण्यासारखं



शाळेला नवीन खोल्या मंजूर झाल्या की आपल्याला आनंद होतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण दहा वर्षांनी त्या खोल्यांत किती मुलं बसतील? काय शिकतील? वीजबिल, झाडलोट, गळतीची दुरुस्ती यांचा खर्च कोण करणार? हे प्रश्न नारळ फोडण्याआधी किती जण विचारतात?

आजच्या लेखात आपण याच प्रश्नांचा अभ्यास करणार आहोत. उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचं. तिथे एकाच सार्वजनिक संस्थेची नऊ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांच्या बांधकामाचा हिशोब लोकांसमोर ठेवावा लागतो.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

बारावीनंतर साधारण दोन वर्षांचं शिक्षण देणारं, कमी फीचं, सर्वांना प्रवेश खुला असलेलं सार्वजनिक कॉलेज. इथून काही विद्यार्थी पुढे विद्यापीठात जातात, तर काही नर्सिंग, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती असं काम शिकून नोकरीला लागतात. एकाच वर्गात एकोणीस वर्षांचा मुलगा आणि नोकरी सांभाळून शिकणारी आई शेजारी शेजारी बसलेली दिसते.

लॉस एंजेलिसची ही संस्था १९६९ मध्ये शालेय मंडळापासून वेगळी झाली. तिच्या नऊ कॉलेजांचा स्वभाव वेगवेगळा आहे. सिटी कॉलेज १९२९ चं, दाट वस्तीतलं. पिअर्स कॉलेज १९४७ मध्ये शेतकी शिक्षणासाठी सुरू झालं, म्हणून त्याची जागा ऐसपैस. ट्रेड-टेक हे कारागिरीचं शिक्षण देणारं. मिशन कॉलेज १९७५ मध्ये भाड्याच्या जागांत सुरू झालं आणि त्याला स्वतःचा कायमचा परिसर मिळाला १९९१ मध्ये. म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी! अशा नऊ ठिकाणांना एकच साचा लावून चालेल का?

आराखडा कसा तयार होतो?

१. आधी शैक्षणिक आराखडा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत परिसरात कोण राहायला येईल, कोणती कामं वाढतील, कोणते विषय शिकवावे लागतील, हे आधी ठरतं. इमारतींचा आराखडा त्याच्या मागून येतो. हा क्रम उलटला की पुढचं सगळं चुकत जातं.

२. असलेल्या जागेची मोजदाद. प्रत्येक खोली किती मोठी, कशासाठी वापरली जाते, याची नोंद दरवर्षी राज्याकडे जाते.

३. इमारतींची तपासणी. यात एक सोपं गणित आहे. इमारतीच्या थकलेल्या दुरुस्तीचा खर्च भागिले तीच इमारत नव्याने बांधण्याचा खर्च. उत्तर पाच टक्क्यांच्या आत असेल तर इमारत चांगली. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर काळजीचं कारण.

४. क्रमवारी. सगळं एकदम होत नाही. भूकंपात धोकादायक ठरणारी इमारत, व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला जाता येत नाही अशी प्रयोगशाळा, गळकं छप्पर, नवीन सभागृह, यांतलं आधी काय? १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाचा हादरा या शहराने सोसलाय. त्यामुळे सुरक्षेचा मुद्दा तिथे नुसता कागदावरचा नाही.

एक छोटंसं गणित: खोली खरंच कमी पडते का?

हे उदाहरण वर्गात मुलांकडूनही सोडवून घेता येईल.

समजा, एका खोलीत ४० जागा आहेत आणि आठवड्यात ती ५० तास वापरता येते. म्हणजे एकूण ४० × ५० = २००० जागा-तास. प्रत्यक्षात तास होतात २५ आणि प्रत्येक तासाला सरासरी २४ विद्यार्थी असतात. वापर झाला २५ × २४ = ६०० जागा-तास. म्हणजे फक्त ३० टक्के!

आणि तरीही सकाळी दहा वाजता "सर, वर्गच शिल्लक नाही" अशी तक्रार येते. कारण सगळ्यांना दहाचीच वेळ हवी असते. अशा ठिकाणी नवीन इमारतीआधी वेळापत्रक बदलून बघायला हवं. कॅलिफोर्नियात राज्याकडे पैसे मागताना हीच तुलना होते. क्षमता गरजेपेक्षा जास्त दिसली तर नव्या वर्गखोल्यांसाठी निधी मिळणं अवघड जातं.

पैसा येतो कुठून?

मुख्यतः रोख्यांतून. संस्था मतदारांना विचारते, "आम्ही कर्ज काढू का? ते तुमच्या मालमत्ता करातून फेडलं जाईल." पूर्वी अशा रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागत. नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन ३९' मंजूर केलं आणि काही अटींवर ५५ टक्के मतं पुरेशी झाली. अटी अशा: कामांची यादी आधी जाहीर करायची, दरवर्षी लेखापरीक्षण करायचं, नागरिकांची देखरेख समिती नेमायची.

त्यानंतर या संस्थेच्या मतदारांनी पाच वेळा होकार दिला: २००१ मध्ये १.२४५ अब्ज डॉलर, २००३ मध्ये ०.९८ अब्ज, २००८ मध्ये ३.५ अब्ज, २०१६ मध्ये ३.३ अब्ज आणि २०२२ मध्ये ५.३ अब्ज. बेरीज केली तर १४ अब्जांच्या वर जाते.

आता सगळ्यात महत्त्वाची अट बघा. हा पैसा बांधकामाला, दुरुस्तीला, साहित्याला वापरता येतो. शिक्षकांच्या पगाराला किंवा रोजच्या खर्चाला वापरता येत नाही. इमारत एका खिशातून होते, ती चालवायची दुसऱ्याच खिशातून. पहिला खिसा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर?

बेकरीची गोष्ट

हे खरंच घडलं. शहराच्या ईशान्य भागात व्हॅन डी कॅम्प नावाची जुनी, देखणी बेकरी होती. तिथे सिटी कॉलेजचं उपकेंद्र होणार असं ठरलं. घराजवळ कॉलेज येणार म्हणून परिसरातले लोक खूश होते. रोख्यांच्या पैशातून जुन्या वास्तूचं नूतनीकरण झालं, नवीन बांधकामही झालं.

तेवढ्यात २००८ ची मंदी आली. राज्याने कॉलेजांच्या अनुदानात कपात केली. वास्तू तयार, पण वर्ग चालवायला पैसा नाही. शेवटी जागा भाड्याने दिली गेली आणि तिथे एक चार्टर शाळा आली. रहिवासी चिडले, कोर्टातही गेले. आम्ही कॉलेजसाठी कर भरतोय आणि कॉलेज कुठाय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा म्हणता येईल का?

मंदी कुणाच्या हातात नव्हती, हे खरं. पण "उत्पन्न घटलं तर ही इमारत कशी चालवायची?" याचं उत्तर आराखड्यात आधीच लिहिलेलं असायला हवं. वीस-तीस वर्षांच्या नियोजनात एखादं वाईट वर्ष येणारच, असं धरूनच चालावं लागतं.

नऊ ठिकाणी नऊ प्रयोगशाळा?

अनेक परिसर असले की आणखी एक पेच येतो. प्रत्येक कॉलेज म्हणतं, "आम्हालाही वेल्डिंगची कार्यशाळा हवी." सगळीकडे दिली तर यंत्रं अर्धा वेळ पडून राहतात. एकाच ठिकाणी ठेवली तर दूरच्या विद्यार्थ्याचे दोन तास बसमध्ये जातात आणि तो मधेच शिक्षण सोडतो. म्हणून नकाशावर बसमार्ग आणि मेट्रो बघूनच निर्णय घ्यावा लागतो. तिथल्या जलद बसमार्गावर पिअर्स आणि व्हॅली या कॉलेजांच्या नावाचे थांबेच आहेत. महागडी सोय वाहतुकीच्या सोयीच्या ठिकाणी, आणि वाचनालय, समुपदेशन, मूलभूत वर्ग मात्र प्रत्येक ठिकाणी, हा त्यातला समंजस मार्ग.

आपल्यासाठी काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे हा विषय आपल्या हातातला आहे बरं का! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जवळच्या शाळांनी प्रयोगशाळा, क्रीडांगण, शिक्षक वाटून घेण्यासाठी शाळा संकुलाची कल्पना आहे. तिथेही नऊ कॉलेजांचाच पेच छोट्या रूपात उभा राहतो.

समितीच्या पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न नक्की विचारा:

- या खोलीत काय शिकवलं जाणार, हे ठरलंय का?
- आत्ताच्या खोल्या आठवड्यात किती तास भरलेल्या असतात?
- गावात आज शून्य ते सहा वयाची मुलं किती आहेत?
- दरवर्षीच्या देखभालीचा खर्च कोणत्या खात्यातून येणार?
- शेजारच्या शाळेत ही सोय असेल, तर मुलं तिथवर सुरक्षित कशी पोहोचतील?

या पाचही प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून झाली की मग खुशाल नारळ फोडा.