दिवाणी समन्स : प्रतिवादीने काय करावे?

न्यायालयाचा बेलीफ दारात उभा राहिला की घरात घबराट उडते. कोणी कागद घेण्याचे नाकारतो, तर कोणी तो घेऊन पेटीच्या तळाशी ठेवून देतो. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. दिवाणी समन्स म्हणजे शिक्षा नव्हे. आपल्याविरुद्ध दावा दाखल झाला असून त्यावर आपले म्हणणे मांडावे, असे ते न्यायालयाचे बोलावणे आहे. समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही. बेलीफ ते घराच्या दर्शनी भागावर चिकटवून न्यायालयास तसा अहवाल देतो आणि न्यायालय बजावणी झाल्याचे जाहीर करू शकते.

मुदतीचे महत्त्व

समन्स मिळताच त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी. न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक व हजर राहण्याची तारीख पाहावी. सोबत दाव्याची प्रत आहे की नाही, याची खात्री करावी. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ अन्वये समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. तेवढ्यात ती देणे अशक्य असल्यास कारणे नमूद करून मुदतवाढीचा अर्ज करावा. ही मुदत बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत वाढविण्याची तरतूद आहे. तथापि, मुदतवाढ हा हक्क नव्हे.

कैफियत कशी लिहावी?

वकील नेमलाच पाहिजे, असे बंधन नाही. पक्षकार स्वतः हजर राहू शकतो. महाराष्ट्रातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांत कैफियत मराठीत देता येते.

समजा, एका शेतकऱ्यावर ४० हजार रुपयांच्या हातउसन्या रकमेचा दावा झाला आहे. त्यापैकी २५ हजार रुपये त्याने परत केले आहेत. ‘दावा खोटा आहे’ एवढेच लिहून त्याचे भागणार नाही. दाव्यातील प्रत्येक परिच्छेदास क्रमवार उत्तर द्यावे लागेल : रक्कम घेतली हे मान्य, ४० हजार बाकी आहेत हे अमान्य, २५ हजार अमुक तारखेस दिले, त्याची पावती सोबत जोडली आहे. जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली जात नाही, ती मान्य आहे असे न्यायालय धरू शकते. कैफियतीवर सही व सत्यापन करून सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे. एक प्रत वादीस द्यावी व एक आपल्याजवळ ठेवावी.

गैरहजर राहिल्यास

हाच शेतकरी ‘पैसे तर दिलेच आहेत’ म्हणून घरी बसला, तर दावा एकतर्फी चालून पूर्ण रकमेचा हुकूमनामा होऊ शकतो आणि पाठोपाठ जप्ती येऊ शकते. पावती मात्र पेटीतच राहते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावले गेलेच नसेल, तर हुकूमनामा झाल्याचे कळल्यापासून ही मुदत मोजतात. मात्र गैरहजेरीचे पुरेसे कारण किंवा बजावणीतील दोष दाखवावा लागतो.

मोफत साहाय्य

विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्ती, तसेच विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. दोन्ही पक्ष राजी असल्यास लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते.

फौजदारी समन्सची रीत वेगळी असते. आरोपी म्हणून समन्स आल्यास विनाविलंब कायदेशीर सल्ला घ्यावा. दिवाणी दाव्यात मात्र एवढे ध्यानी ठेवावे, की न्यायालय दोन्ही बाजू ऐकते; पण ज्याने आपली बाजू मांडलीच नाही, त्याची ते ऐकणार कशी?