धाकट्याचे बेट व थोरल्याचे शहर : परिसर अभ्यासाचा एक पाठ

हेतू : बेटावरील व शहरातील राहणीचा भेद मुलांनी कारणांसह जाणावा, एकास मागासलेले व दुसऱ्यास पुढारलेले ठरवून मोकळे होण्याची सवय त्यांस लागू नये.

विषयप्रवेश : उरण तालुक्यातील घारापुरी बेट नकाशावर दाखवावे. तेथील दोघा भावांपैकी थोरला शिक्षणासाठी मुंबईस गेला आहे, अशी कल्पना मुलांपुढे मांडावी. सुटीत आलेला थोरला म्हणतो, "येथे आहे तरी काय?" धाकट्याने काय उत्तर द्यावे, हे मुलांनाच विचारावे.

विवेचन : बेटावरील उणिवा शिक्षकांनी झाकू नयेत. समुद्राखालून वाहिनी टाकून तेथे वीज पोहोचली ती २०१८ साली. समुद्र खवळला की होड्या थांबतात; मग दुखणाईतासही वाट पाहावी लागते.

यानंतर मुंबई दाखवावी. तीही मूळची सात बेटे. मधल्या खाड्यांत भराव घालून ती जोडली गेली. माहीमचा सेतुमार्ग १८४५ मध्ये खुला झाला. आजही शहराचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या जलाशयांतून येते. म्हणजे थोरला एका बेटावरून दुसऱ्या बेटावरच गेला! भेद आहे तो रस्ता, नळ व वीज यांचा. माणसांच्या योग्यतेचा नव्हे. हा निष्कर्ष मुलांच्याच तोंडून यावा.

स्वाध्याय : आपल्या गावात बाहेरून काय येते व गावातून बाहेर काय जाते, यांची यादी करावी. ज्या मुलाचा भाऊ शहरात आहे, त्यास प्रथम बोलू द्यावे.