संगणकाचा विसरलेला पाठ

(संगणक सुरू झाला नाही, की तो निकामी झाला असे आपण लगेच ठरवतो. पुष्कळदा यंत्र शाबूत असते. त्याला सुरू होण्याच्या सूचना देणारा मजकूर तेवढा पुसला गेलेला असतो. तो मजकूर पुन्हा लिहून जुना मदरबोर्ड कसा चालू करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील काही मागांवर जॅकार्ड नावाचे यंत्र बसवलेले असते. त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. जेथे भोक असेल तेथील धागा वर उचलला जातो, जेथे नसेल तेथील धागा खाली राहतो. अशा रीतीने पुठ्ठ्यावरची नक्षी कापडावर उतरते. समजा, ही माळ पावसात भिजून खराब झाली, तर काय होईल? माग थांबेल. पण माग मोडला, असे कोणी म्हणेल का? नाही. नव्या पुठ्ठ्यांवर तीच भोके पाडली, की माग पुन्हा चालू होईल. मात्र त्यासाठी मूळ नक्षीची नक्कल कोणीतरी जपून ठेवलेली असली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाचेही असेच आहे.

संगणकाच्या पेटीत एक मोठी पाटी असते. तिला मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कळफलक हे सारे भाग या पाटीला जोडलेले असतात. याच पाटीवर नखाएवढी किंवा तिच्याहून थोडी मोठी एक चिप असते. तिच्यात जो मजकूर लिहिलेला असतो, त्याला बायोस म्हणतात.

आपण बटण दाबतो, तेव्हा प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. रॅम किती आहे, पडदा कोठे जोडला आहे, हार्ड डिस्क आहे की नाही, यांपैकी कशाचीच त्याला माहिती नसते. त्याला एकच गोष्ट येते. ठरलेल्या जागी जाऊन पहिली सूचना वाचायची. ती पहिली सूचना बायोसच्या चिपमध्ये असते. बायोस एकेका भागाची हजेरी घेते. सर्व भाग जागेवर असतील, तर ती हार्ड डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स यांच्या हाती कारभार सोपवते. हे सर्व काही सेकंदांत घडते.

पूर्वी बायोसचा मजकूर चिपमध्ये कायमचा असे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापलेली नोट जशी पुसून पुन्हा लिहिता येत नाही, तसाच तो बदलता येत नसे. पुढे अशा चिप आल्या, की ज्यांच्यावर काचेची लहानशी खिडकी असे. त्या खिडकीतून अतिनील किरण सोडले, की आतला मजकूर पुसला जाई. १९८० च्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. ही स्मृती विजेनेच पुसता येते आणि विजेनेच लिहिता येते. १९९० च्या दशकात मदरबोर्डवर फ्लॅश चिप बसू लागल्या. त्यामुळे चिप न काढता बायोस बदलणे शक्य झाले. नवा प्रोसेसर ओळखता यावा, मोठी हार्ड डिस्क चालावी, २००० साल सुरू झाल्यावर तारीख चुकू नये, अशा कारणांसाठी लोक बायोस बदलू लागले.

पण या सोयीत एक धोका आहे. फ्लॅश चिप पाटीसारखी असते. जुने अक्षर पुसल्याशिवाय त्या जागी नवे लिहिता येत नाही. म्हणून बायोस बदलताना आधी जुना मजकूर पुसला जातो आणि मग नवा लिहिला जातो. नेमकी याच वेळी वीज गेली, तर? जुना मजकूर पुसलेला असतो आणि नवा पूर्ण लिहिलेला नसतो. दुसऱ्या मदरबोर्डचा मजकूर चुकून भरला, तरी परिणाम तोच होतो. नंतर बटण दाबले, की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. सगळा वर्ग हजर आहे आणि हजेरी घेणाराच आलेला नाही, अशी ती अवस्था असते.

असा प्रसंग एकदा एकाच दिवशी असंख्य संगणकांवर ओढवला. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये सीआयएच नावाचा विषाणू तयार केला. विषाणू म्हणजे संगणकात लपून राहणारा आणि एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्रॅम. २६ एप्रिल १९९९ रोजी विंडोज ९५ आणि विंडोज ९८ वर चालणाऱ्या ज्या ज्या संगणकांत तो होता, त्यांच्यावर त्याने हल्ला केला. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अणुअपघात याच तारखेला झाला होता, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल विषाणू म्हणू लागले. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि भारत यांसह अनेक देशांत हानी झाली. या विषाणूने हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसला. शिवाय काही प्रकारच्या मदरबोर्डवर त्याने बायोसमध्येही निरर्थक मजकूर लिहिला. असे मदरबोर्ड जळाले, असे समजून अनेकांनी ते बदलून टाकले. पण ज्या कारागिरांना कारण ठाऊक होते, त्यांनी केवळ चिप बदलली किंवा तिच्यावर पुन्हा मजकूर लिहिला आणि तेच मदरबोर्ड चालू केले.

दुरुस्तीच्या अशा कामातून महाराष्ट्रात एक मोठा उद्योगही उभा राहिला. कैलास काटकर यांनी पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. पुढे ते संगणक दुरुस्त करू लागले. तेव्हा विषाणूंमुळे बिघडलेले संगणक वारंवार त्यांच्याकडे येत. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९० च्या दशकात क्विक हील हे विषाणूरोधक तयार झाले. बिघडलेली वस्तू बाजूला न टाकता ती का बिघडली हे शोधल्याने केवढे काम उभे राहू शकते, हे यावरून दिसते.

आता बायोस पुसली गेलेल्या मदरबोर्डकडे वळू. समजा, एखाद्या शाळेत एकच जुना संगणक आहे. बायोस बदलताना वीज गेली आणि तो बंद पडला. कार्यालयातील निकालपत्रके त्यातच आहेत. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. निकालपत्रके हार्ड डिस्कवर असतात आणि बायोस वेगळ्या चिपमध्ये असते. नुसता बायोसचा मजकूर बिघडल्याने निकालपत्रके पुसली जात नाहीत.

प्रथम दोष खरोखर बायोसमध्येच आहे का, हे पाहावे. रॅम काढून, तिची टोके स्वच्छ करून पुन्हा बसवावी. वीजपुरवठा दुसरा जोडून पाहावा. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काही वेळ काढून ठेवावा. एवढ्यानेही काही वेळा संगणक सुरू होतो.

तसे झाले नाही, तर दुसरा उपाय. अनेक जुन्या बायोसमध्ये सुरुवातीचा एक छोटा भाग राखीव असतो. बायोस बदलताना सहसा त्याला हात लावला जात नाही. बाकीचा मजकूर पुसला गेला, तरी हा भाग जागा राहतो आणि फ्लॉपीवरून मजकूर वाचू शकतो. योग्य मजकूर असलेली फ्लॉपी घातली आणि पडदा काळा असला तरी फ्लॉपीचा दिवा लुकलुकू लागला, तर संगणक जिवंत आहे असे समजावे. अशा वेळी थांबून राहावे. घाईने बटण बंद केले, तर उरलेली आशाही जाते. काही मदरबोर्डवर तर कंपनीनेच दोन बायोस चिप दिलेल्या असतात. एक बिघडली, की दुसरी कामाला येते.

हेही जमले नाही, तर तिसरा उपाय म्हणजे चिपवर बाहेरून मजकूर लिहिणे. या कामासाठी प्रोग्रॅमर नावाचे छोटे उपकरण मिळते. जुन्या मदरबोर्डवर बत्तीस पायांची चिप खोबणीत बसवलेली असते. ती अलगद काढता येते. नंतरच्या मदरबोर्डवर आठ पायांची चिप असते. ती झाळलेली असली, तर तिला चिमट्यासारखी क्लिप लावतात. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. वीज पूर्णपणे बंद करून तार काढावी. सेलही काढावा. हातातील स्थिर वीज जावी म्हणून आधी पेटीच्या धातूला स्पर्श करावा. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नये.

चिपवर एक ठिपका किंवा खाच असते. ती पहिल्या पायाची खूण असते. क्लिप उलटी लावली किंवा चिपला झेपेल त्यापेक्षा जास्त दाबाची वीज दिली, तर चिप कायमची जाते. म्हणून चिपवर छापलेला क्रमांक वाचून तिचा दाब पाहावा. मग चिपमध्ये जे काही उरले आहे, ते दोनदा वाचून घ्यावे. दोन्ही नकला सारख्या आल्या, तरच जोडणी नीट आहे असे समजावे. बिघडलेल्या मजकुराचीही नक्कल जपून ठेवावी, कारण काही वेळा त्या मदरबोर्डचे स्वतःचे क्रमांक त्यातच असतात. त्यानंतर चिप पुसावी, योग्य मजकूर लिहावा आणि लिहिलेले पुन्हा वाचून मूळ मजकुराशी ताडून पाहावे.

योग्य मजकूर कोणता? मदरबोर्डवरच त्याचे नाव आणि आवृत्ती छापलेली असते. अगदी त्याच नावाचा आणि त्याच आवृत्तीचा मजकूर लागतो. साधारण सारखा दिसणारा मदरबोर्ड चालत नाही. तसा मजकूर कंपनीकडून किंवा तशाच चालू मदरबोर्डच्या चिपमधून घेता येतो.

हे सर्व वाचून तुमच्या लक्षात आले असेल, की या कामात ताकद लागत नाही. लागते ती सबुरी आणि टापटीप. बायोस बदलण्यापूर्वी जुन्या मजकुराची नक्कल घेतली आणि संगणक यूपीएसला जोडला, तर बहुतेक संकटे टळतात. विनाकारण बायोस बदलणेही टाळावे. जुन्या मदरबोर्डच्या झाळकामात शिसे असते. तो उघड्यावर टाकला किंवा जाळला, तर माती आणि हवा विषारी होते. म्हणून दुरुस्त होत नसेल, तर तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा. पण त्याआधी एकदा त्याचे नाव वाचावे आणि त्याचा मजकूर कोठे मिळतो का, हे पाहावे.

शब्दार्थ

शाबूत – न मोडलेले, धड
माग – कापड विणण्याचे यंत्र
निरर्थक – अर्थ नसलेले
झाळणे – वितळलेल्या धातूने जोडणे
ताडून पाहणे – दोन गोष्टी सारख्या आहेत का, ते तपासणे
टापटीप – नीटनेटकेपणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बायोसचा मजकूर कोठे लिहिलेला असतो?
(आ) फ्लॅश स्मृतीचा शोध कोणी लावला?
(इ) सीआयएच विषाणूने कोणत्या तारखेला हल्ला केला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने मदरबोर्डची तुलना जॅकार्डच्या मागाशी का केली आहे?
(आ) बिघडलेल्या मजकुराचीही नक्कल का जपून ठेवावी?

३. नक्कल, दुरुस्त, कारागीर, हजर, सबुरी हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आहेत. उर्दूत ते कसे उच्चारले जातात ते सांगा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या गावातील एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला भेटा. तो बिघाड कसा शोधतो, ते विचारून दहा ओळी लिहा.