यंत्र आले, माणसाचे काय?



बँक असो, कॉल सेंटर असो वा हिशेबाचे कार्यालय, कृत्रिम बुद्धिमत्ता आता आपल्या टेबलापर्यंत आली आहे. ‘उद्या माझी नोकरी राहील का?’ हा प्रश्न आम्ही घरोघरी ऐकतो. नुसते ‘घाबरू नका’ म्हणून तो सुटत नाही.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. कारखान्यांच्या युगात, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाची व कामगार संघटनांची बाजू घेतली. पोप लिओ चौदावे यांनी १० मे २०२५ रोजी आपल्या नावामागचे मुख्य कारण म्हणून त्याच परिपत्रकाचा उल्लेख केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली शिकवले, की कामाचे मोल ते करणाऱ्या माणसामुळे ठरते.

मग सुरक्षितता कशाने येते? बदल आधी सांगितल्याने, कामगाराचे मत घेतल्याने आणि नवे काम पगारी वेळेत शिकवल्याने. २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. कंपनी लेखकावर हे तंत्र वापरण्याची सक्ती करणार नाही, असे त्यांनी करारात लिहून घेतले. यंत्र हटले नाही, पण माणसाच्या शब्दाला वजन आले.

आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली दोन माणसे जरी असतील, त्यांनी यंत्र घेण्यापूर्वी त्या दोघांशी बोलावे. नोकरदारांनी एकेकट्याने झुरू नये. सहकाऱ्यांसह जाऊन मालकाला विचारावे. आणि ज्याची नोकरी गेली आहे, त्याच्या घरी या आठवड्यात आपण जाऊ या.