शिकलेली आई लशीला का कचरते?

प्रश्न : आमची सून इंजिनिअर आहे. नातू दहा महिन्यांचा झाला, तरी गोवर-रुबेलाची लस ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत लांबवतेय. आकडे दाखवले की चिडते. शिकलेल्या माणसांचं असं का होतं? – एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, आकडे तिला तुमच्याआमच्यापेक्षा बरे कळत असतील. तिचं अडतंय ते दोषापाशी. आपण सुई टोचून घेतली आणि लेकराला काही झालं, तर ते आपल्यामुळे. टोचली नाही आणि आजार झाला, तर ते नशीब. मन असाच हिशेब मांडतं. इलाना रितोव्ह आणि जोनाथन बॅरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये लोकांपुढे एक काल्पनिक साथ ठेवली. लशीने दगावणारी मुलं रोगाने दगावणाऱ्या मुलांपेक्षा कमी असतील, हे स्पष्ट सांगूनही अनेकांनी लस नाकारली.

अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन तर देवीच्या टोचणीचा जाहीर पुरस्कर्ता. पण मुलगा हगवणीने आजारी म्हणून त्याची टोचणी लांबली आणि १७३६ मध्ये चार वर्षांचं ते पोर देवीने गेलं. पुढे आत्मचरित्रात फ्रँकलिनने कचरणाऱ्या आईबापांना मुद्दाम बजावलं, की पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच होतो, मग कमी धोक्याची वाट धरा.

त्यात योगायोगाची भर पडते. गोवराची लस देतात त्याच वयाच्या आसपास स्वमग्नतेची लक्षणं आईबापांच्या नजरेत येऊ लागतात. आधी लस, मग लक्षण. मन लगेच दोन्हींची गाठ मारतं. लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणाऱ्या डॉ. अँड्र्यू वेकफिल्डच्या १९९८ च्या निबंधाला याच गाठीने बळ दिलं. तो बारा मुलांवर बेतलेला निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासूनही असा संबंध आढळला नाही. भीती मात्र व्हॉट्सॲपवर अजून फिरतेच आहे.

शिवाय तुमच्या पिढीने गोवर घरात पाहिला, सुनेने बहुधा पाहिलेला नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला साथ आली, लहान मुलं दगावली, तेव्हा अनेकांना हा आजार नव्याने कळला.

आणि प्रश्न विश्वासाचाही असतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसत होते. लस टोचायला सांगणारं सरकारही तेच. प्लेगची लस बनवणाऱ्या शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत आधी स्वतःच्या अंगावर लस घेतली होती, तरी लोक बिचकले. मी त्या लोकांना अडाणी म्हणणार नाही. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवालला त्याच लशीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने गेले, तेव्हा तर संशयाला आधारच मिळाला.

म्हणून आजोबा, आकडे बाजूला ठेवा. ‘नेमकी कशाची भीती वाटते?’ एवढं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मग तिला तिच्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञाकडे जाऊ द्या. तुम्ही सोबत नसलात तर बरंच. ही लस घेतल्यावर ताप किंवा पुरळ आलंच तर बहुधा आठवड्याभराने येतं आणि आपोआप जातं, हे आधीच सांगून ठेवलेलं असलं की घरात घबराट होत नाही. पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत द्यायचा असतो. नातवाला दहा महिने झालेत, तेव्हा हे बोलणं याच आठवड्यात करा.