दिव्याखालचा भेक : ओढ उजेडाची की पोटाची?



शाहूपुरीत पाऊस पडून गेला, की रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली एखादा खरखरीत अंगाचा भेक बसलेला दिसतो. मग वर्गात हमखास प्रश्न येतो, "सर, त्याला उजेड आवडतो का हो?" नीट विचार करून उत्तर शोधूया.

उजेड टाळण्याची कारणे
भेक हा उभयचर प्राणी. उन्हात त्याच्या त्वचेतून पाणी लवकर निघून जाते, म्हणून दिवसा तो दगडाखाली, कुंडीमागे दडून बसतो. रात्रीही उजेडात तो शत्रूला चटकन दिसतो. शिवाय प्रखर दिव्याजवळून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो.

मग तो दिव्याखाली का येतो?
दिव्याभोवती किडे जमतात आणि खाली पडतात. भेकाला हे आयतेच ताट! जर्मन शास्त्रज्ञ यॉर्ग-पीटर एवर्ट यांनी दाखवले, की भेक हलणाऱ्या वस्तूचा आकार आणि तिची दिशा पाहून भक्ष्य ओळखतो. लांबट पट्टी अळीसारखी आडवी सरकली तर तो झडप घालतो. तीच उभी धरून सरकवली तर सहसा दुर्लक्ष करतो. भुकेला भेक अशी झडप लवकर घालतो, पोट भरलेला मात्र ढिम्म बसतो. म्हणजे भूक वाढली, की धोका पत्करायची तयारीही वाढते.

पण घाईने निष्कर्ष नको
जेगर आणि हेलमन यांनी १९७३ मध्ये शंभराहून अधिक जातींचे बेडूक व भेक तपासले. बहुतेक जाती उजेडाकडे वळल्या. म्हणजे उजेडाकडे जाण्याचा कल मुळातच असतो आणि भूक त्यात भर घालते. 'दिव्याखाली दिसला म्हणजे भुकेलाच' असे लिहिलेत, तर उत्तर अर्धेच होईल.

करून पाहा
मोठ्या माणसांसोबत सात रात्री दोन दिव्यांचे निरीक्षण करा : एक किडे जमणारा, दुसरा किडे नसलेला. पाऊस, किडे आणि भेकांची संख्या वहीत लिहा. भेकाला हात लावू नका, मीठ तर मुळीच टाकू नका. रस्त्याकडेला दिसला तर गाडीवाल्या काकांना "जरा हळू" म्हणा. पोटासाठी आलेला जीव चाकाखाली जायला नको.

विचार करा
१. दोन्ही दिव्यांखाली भेक सारखेच आले, तर काय समजाल?
२. अंगणातला दिवा रात्री बंद केला, तर भेकाला फायदा की तोटा?