३०० ची केबल की २,२०० ची? दुकान टाकण्याआधी हे वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी दोन एचडीएमआय केबल दाखवल्या. एक ३०० रुपयांची, एक २,२०० ची, दोन्ही दीड मीटरच्या. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचं किंवा ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचंय, त्यांना पहिल्याच महिन्यात गिऱ्हाईक विचारणार: महागडी केबल लावली की चित्र सुधारतं का हो?

दीड-दोन मीटरला नाही सुधारत. धडधाकट केबल असली की झालं.

कारण समजून घ्या, म्हणजे काउंटरवर सांगता येईल. पूर्वी छपरावरच्या अँटेनाची वायर असायची, नंतर ती पिवळी-लाल-पांढरी पिनांची केबल आली. तो सिग्नल ॲनालॉग होता. वायर खराब असली की पडद्यावर मुंग्या यायच्या, सावली पडायची. तेव्हा चांगल्या वायरीने खरंच फरक पडायचा. लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. एचडीएमआयमधून मात्र शून्य आणि एक असे आकडे जातात. ते नीट पोचले की चित्र जसंच्या तसं. महाग केबलमधून आलेला ‘एक’ काही जास्त उजळ नसतो. केबल कमी पडली तर ठिपके चमकतात, पडदा मधेच काळा होतो, नाहीतर चित्रच येत नाही. ‘रंग जरा फिके’ असं काही होत नाही.

हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. एका डिस्ट्रिब्यूटरचा माणूस आला, दुकानातल्या दोन सारख्या टीव्हींना दोन केबल लावून गेला. महाग केबलवाला टीव्ही असा झळकत होता की मी लगेच २० नग घेतले. टीव्हीत हातात काय राहतं? काहीशे रुपये. या एका केबलमागे हजारावर सुटत होते.

मग एक निवृत्त गुरुजी चार दिवसांनी केबल घेऊन परत आले. नातवाने घरी सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली केबल लावून बघितली होती, घरात कुणालाच फरक कळला नाही. मी म्हटलं, “गुरुजी, या, दाखवतो.” आणि त्यांच्यासमोरच केबलची अदलाबदल केली. झळकणारा टीव्ही तसाच झळकत राहिला! पिक्चर सेटिंग उघडलं, तर तो ‘व्हिव्हिड’ मोडवर होता आणि शेजारचा ‘स्टँडर्ड’वर. गुरुजी काही बोलले नाहीत. मी पैसे परत दिले, त्यांनी मोजून घेतले. त्यांचा फ्रिज मात्र दिवाळीत समोरच्या दुकानातून गेला, टेम्पो माझ्या दारावरूनच.

आता जास्त पैसे कुठे घ्यायचे? लांबी आणि काम बघा. फुल एचडीला साधी ‘हाय स्पीड’ केबल पुरते. ४के ६० फ्रेमला १८ जीबीपीएसची ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या. पोरगा प्लेस्टेशन ५ वर ४के १२० फ्रेमने खेळणार असेल तर ४८ जीबीपीएसची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ द्या. त्या पाकिटावरचं लेबल मोबाईलने स्कॅन करून खरं-खोटं तपासता येतं, गिऱ्हाइकासमोरच करा. प्रोजेक्टरसाठी १०-१५ मीटर लागत असेल तर साध्या तांब्याच्या केबलवर ४के चा भरवसा धरू नका. तिथे ऑप्टिकल केबल महाग असते आणि ती किंमत रास्त आहे. तिला दिशा असते, टीव्हीकडचं टोक टीव्हीकडेच. आणि भिंतीत जाणारी केबल प्लास्टरच्या आधी लावून तपासा. नंतर भिंत फोडायची वेळ आली तर शिव्या तुम्हालाच.

सोन्याचा मुलामा? कोकणात खारी हवा असते, तिथे गंज लागू नये म्हणून ठीक. चित्राशी त्याचा संबंध नाही.

“मग कमवायचं कशातून?” असं विचाराल. मी वॉल माउंट, फिटिंग आणि स्टॅबिलायझरवर कमावतो. वायरिंग झाकून देण्याचे वेगळे पैसे घेतो, लोक खुशीने देतात. खोटं सांगून माल विकणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अनुचित व्यापार प्रथेत मोडतं, हेही लक्षात असू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या दोन केबल घ्या. तुम्ही पाठ करून बसा, दुसऱ्याला केबल बदलायला लावा. कोणती लावली ते १० वेळा ओळखा आणि वहीत लिहा. टीव्हीचा पिक्चर मोड मात्र एकच ठेवा.